जहाज सुलटं कुणी केलं?

१

मुळेगव्हाणच्या सेवा सहकारी सोसायटीचं गोदाम बद्रीनाथ सुतारानं सकाळी उघडलं, आत नजर टाकली आणि उंबऱ्यावरच मटकन बसला. आत चोरी झालेली नव्हती. चोरी झाली असती तर काय झालं हे तरी कळलं असतं. त्याचं जहाज होतं तिथंच होतं. फक्त काल सांजेला पालथं ठेवून गेलेलं जहाज आता सुलटं बसलं होतं.

"पाटलीणबाईला बोलवा," एवढंच तो म्हणाला.

पोलीस पाटील सत्यभामाबाई आल्या. नवऱ्याच्या माघारी परीक्षा देऊन त्यांनी हे पद मिळवलं होतं. जे कळलं नाही ते 'कळलं न्हाई' असं तोंडावर सांगायची त्यांना खोड होती. अधिकारी लोकांत हा दुर्गुण समजतात, पण गावाला त्याची सवय झाली होती.

आता केज तालुक्यातल्या या गावात जहाज आलं कुठून, ते सांगायला हवं. मांजरा धरणाचा तळ भेगाळलेला, गाव टँकरवर जगणारं, गुरं सोसायटीनं गोदामामागच्या रानात काढलेल्या चारा छावणीत. आंघोळीची मारामार आणि म्हणे जहाज. पण सोसायटीचे चेअरमन आप्पाराव यांचा मुलगा सुग्रीव नौदलात होता. तो ज्या लढाऊ जहाजावर होता त्याची हुबेहूब लाकडी प्रतिकृती सोसायटीच्या हॉलमध्ये असावी, असं आप्पांच्या मनात आलं. सुग्रीवनं छापील नकाशे पोस्टानं धाडले. बद्रीनाथ सहकारी साखर कारखान्यात ओतकामाचे लाकडी साचे करायचा. ऊसच नव्हता, बॉयलर पेटला नव्हता, बद्रीनाथ घरी बसून बायकोची बोलणी खात होता. काम त्याच्याकडं आलं आणि त्या दिवसापासून त्याचे पाय जमिनीला लागेनासे झाले.

सत्यभामाबाईंनी गोदाम नीट पाहिलं. पेंडीच्या पोत्यांच्या दोन थप्प्या, आणि मधल्या जागेत ते हातभर रुंद, माणसाच्या छातीपर्यंत येईल एवढं लांब जहाज. दोन्ही बाजूंनी पेंडीची पोती टेकवलेली, म्हणजे कलू नये. शेजारी एक जाड पाट, त्यावर लाकडाची तुटकी खुंटं. तुटलेले तुकडे कुणीतरी कोपऱ्यात एकत्र लोटून ठेवले होते.

"ह्यात मोडलंय काय? मला कळलं न्हाई," त्या म्हणाल्या.

बद्रीनाथला तेवढंच हवं होतं. "जहाज पालथंच बांधत्यात, बाई. नकाशात तसंच हाय. ह्या बरगड्या. ह्यांना खाली पाय ठिवायचे, पाय पाटाला सरसानं चिकटवायचे. म्हंजी बरगड्या हालत न्हाईत. मग वरून कणा, मग पट्ट्या. समदं झाल्यावर पाय कापायचे आन् मग सुलटं करायचं. ह्यानं मधीच उपटलं. पाय मोडले, चार-दोन बरगड्या तडकल्या. हे जोडायला माझा उन्हाळा जाईल."

"नकाशा वाचता येत न्हवता तवा बी उन्हाळाच गेलता," छावणीचा राखणदार सटवा दारातून म्हणाला.

ते खरं होतं. नकाशात एकाच चित्राच्या उजव्या अंगाला जहाजाच्या तोंडाकडच्या बरगड्या अर्ध्या काढलेल्या असतात, डाव्या अंगाला बुडाकडच्या अर्ध्या. बद्रीनाथनं चित्र होतं तसं कापलं होतं. एका बाजूनं बारीक आणि दुसऱ्या बाजूनं ढेरपोटी अशी बरगडी निघाली, आणि सटवा ती छावणीभर दाखवत फिरला होता. त्यानंतर दोघांत फार प्रेम उरलं नव्हतं.

तेवढ्यात चेअरमन आप्पाराव आले. पांढरे कपडे, करडा आवाज. दारात बद्रीनाथची कामाची चप्पल उलटी पडली होती, ती पायाच्या बोटानं सरळ करत ते आत आले आणि एका नजरेत निकाल देऊन मोकळे झाले.

"धोंडीराम," ते म्हणाले. "दुसरं कोण? परवा सगळ्यांसमोर म्हणाला होता की नाही, ही डोणी मला द्या, वासरं पाणी पितील? पालथ्या डोणीत पाणी राहतं का? म्हणून सुलटी केली. उचलून न्यायची होती, जमलं नाही."

"कुलूप?"

"सटवा पेंड काढायला त्याच्याच हातात किल्ली देतो. आणि काल सांजेला टँकर आला तेव्हा अख्खं गाव विहिरीवर होतं. छावणीत एकटा धोंडीराम." त्यांनी घड्याळाकडं पाहिलं. "आज दिवस मावळायच्या आत त्याची गुरं छावणीबाहेर. सोसायटीच्या मालाला हात लावणारा मला इथं नको."

त्या वर्षी छावणीबाहेर काढलेल्या गुराला एकच वाट होती आणि ती खाटकाच्या दारात जात होती. हे आप्पांना ठाऊक होतं, धोंडीरामाला ठाऊक होतं आणि सत्यभामाबाईंनाही.

२

धोंडीराम मेंढरं विकून गायींवर आलेला माणूस. मेंढरांनी तो दुष्काळ काढला नसता, म्हणून काळजावर दगड ठेवून विकली होती. उरल्या होत्या तीन गायी, त्यातली एक आज-उद्या व्यायला झालेली. सत्यभामाबाई गेल्या तेव्हा तो तिच्या पोटावरून हात फिरवत होता. शेजारी त्याच्या बायकोनं, ताराबाईनं, घमेली, बादल्या, भगुणी ओळीनं पालथी मांडून ठेवली होती, कुत्री तोंड घालू नयेत म्हणून.

"म्हणलतो," धोंडीराम वर न पाहता म्हणाला. "गमतीनं म्हणलतो. आता गंमत बी करायची न्हाई का?"

"किल्ली?"

"सकाळी घेतलती. पेंड काढली, सटवाच्या हातात दिली. इचारा त्याला."

"सांजेला काही ऐकलंस?"

"कडकड आवाज आला. वाटलं, पत्रा तापलावता, निवतोय."

ताराबाईला मात्र धीर धरवत नव्हता. "पाटलीणबाई, मला एक सांगा. माझ्या गाभण गाईच्या वाट्याला वंजळभर पेंड येती. हा माणूस पेंडीच्या गोदामात गेला, कुणी बघाया न्हाई, आन् पेंडीला बोट न लावता होडी सुलटी करत बसला? एवढा खुळा असता तर मी नांदले असते का ह्याच्यापाशी?"

सत्यभामाबाईंनी सटवाला पोती मोजायला लावली. पेंड जिथल्या तिथं होती. उलट चोरानं चार पोती स्वतः उचलून जहाजाला आधार दिला होता, तुकडे झाडून कोपऱ्यात लावले होते. ज्याला मोडायचं तो लाथ घालतो. ज्याला न्यायचं तो नेतो. ह्यानं ना मोडलं, ना नेलं. मग आला होता कशाला?

त्या गोदामाच्या पायरीवर बसल्या आणि सटवाला समोर बसवलं.

"खरं सांग. बद्रीनाथची जिरवायची म्हणून तू केलंस का?"

"आईची आण, न्हाई. मी घागरी घिऊन हिरीवर होतो. अख्खं गाव साक्षी हाय."

"अख्खं?"

"आप्पा सोडून. त्यांचा ड्रम घरपोच जातो, त्यांना कशाला यावं लागतंय?" सटवा जरा घुटमळला. "एक सांगू का? हसू नका. माझं चहाचं भगुणं. रोज धुऊन पालथं घालून जातो. आज सकाळी बघतो तर उभं. आत पालीची घाण. बद्री लई हुशार समजतो, त्यानंच केलं आसंल."

"मी कावून करू बे?" बद्रीनाथ आतून ओरडला. "माझं सरसाचं घमेलं बी उभं हाय. सरसावर ही धूळ. मी पालथं ठिवल्याशिवाय कधी घरला जात न्हाई."

सत्यभामाबाई उठल्या. पुन्हा आत गेल्या आणि ह्या खेपेला जहाजाकडं न बघता बाकी सगळं बघत फिरल्या. घमेलं उभं. भगुणं उभं. सटवाचे दोन पेले उभे. कोपऱ्यातली पाटी, जी नेहमी पालथी असायची, तीही उभी.

कुणीतरी काल सांजेला ह्या गोदामात आलं होतं आणि त्यानं पालथी दिसेल ती प्रत्येक वस्तू सुलटी केली होती. जहाज त्यातलं फक्त एक होतं.

३

उत्तर सापडावं तर प्रश्न वाढत होता. कुणाला असं पालथं बघवत नाही? सत्यभामाबाईंची आई म्हणायची, घरचं माणूस परगावी असलं की चप्पल उलटी पडू देऊ नये, खाट पालथी घालू नये, वाईट बातमी येते. कुणी मानतं, कुणी नाही. आणि लढाऊ जहाज पालथं पाहून कुणाच्या काळजाचं पाणी होणार? ज्या आईचा मुलगा त्या जहाजावर आहे, तिच्या. गोदामाच्या दोन किल्ल्या बद्रीनाथ आणि सटवाकडं, तिसरी आप्पांच्याच घरी खुंटीला असते.

आप्पांच्या बायकोकडं, केशरबाईंकडं, जायला त्यांचे पाय उचलेनात. पण धोंडीरामाच्या गाई डोळ्यांसमोरून हलत नव्हत्या, म्हणून गेल्या.

केशरबाईंनी हसून स्वागत केलं. गुडघे धरून उठल्या, चुलीपाशी गेल्या, गल्लीत कुठंही मिळतो तसा अर्धाच कप चहा टाकला. "मापानं पाणी हाय, राग मानू नका."

"वैनी, जहाज पाहिलं का तुम्ही?"

"न्हाई वो. ह्या गुडघ्यांनी वटा उतरवत न्हाई मला. फोटू दावला ह्यांनी. मी म्हणलं, पुरं झालं की बैलगाडीत बसवून न्या." त्यांनी पायाची सूज दाखवली. ती पाहिल्यावर शंकेला जागा राहिली नाही. ही बाई चार पोती उचलणं लांबच, गोदामापर्यंत पोचली नसती.

सत्यभामाबाई पुरत्या हरल्या. चहाचा कप हातात घेऊन त्या उगीच इकडंतिकडं बघत बसल्या. मांडणीवर तांबे, पातेली, परात, सगळी उभी होती आणि आतून धुळीनं मळली होती.

"भांडी पालथी घालत न्हाई का वैनी?"

"ह्यांचं नवं खूळ," केशरबाई म्हणाल्या. "घरात काही पालथं ठिवू देईनात. खाली इंचू बसतो म्हणत्यात. एवढ्या वरसात कधी बसला न्हाई, आता बसतो. मी बी म्हणते, चालू द्या. दुष्काळानं डोकं फिरलंय समद्यांचं."

"सुग्रीव बरा हाय ना?"

"हाय की. फोन येतो. पर ह्यांनाच येतो, मी निजल्यावर. पोळ्यापासनं माझ्या कानावर त्याचा आवाज न्हाई. ठीक हाय, जेवतोय, एवढं सांगत्यात हे. बाप-लेकाचं काय चाललंय, त्यांचं त्यांना ठावं." बोलता बोलता त्या थांबल्या आणि पाहुणीच्या तोंडाकडं बघू लागल्या. "का वो? काय झालं?"

"काही न्हाई," सत्यभामाबाई म्हणाल्या. चहा तसाच ठेवून त्या बाहेर पडल्या. आयुष्यात पहिल्यांदा एखादी गोष्ट कळली होती आणि ती न कळती तर बरं, असं त्यांना वाटत होतं.

४

सोसायटीच्या कचेरीत आप्पा एकटेच होते. मागच्या भिंतीवर त्यांचा फोटो होता, अंधश्रद्धा सोडा म्हणून शाळेत भाषण करतानाचा.

सत्यभामाबाई बसल्या नाहीत. "आप्पा, धोंडीरामानं न्हाई केलं. पेंडीला हात न लावता तो बाहेर येणार न्हाई. आन् त्याच्या गुरांपाशी समदी भांडी पालथीच असत्यात, त्याला पालथ्याचं वावडं न्हाई. ज्यानं केलं त्याला हाय. त्यानं जहाज सुलटं केलं, घमेलं केलं, पेले केले. त्याच्यापाशी किल्ली हुती आन् टँकर आल्यावर त्याला हिरीवर जावं लागत न्हाई."

"गावात असे पुष्कळ आहेत."

"एकच हाय. सकाळी गोदामात शिरताना बद्रीनाथची उलटी चप्पल तुम्ही सरळ केली. तुमचं ध्यान बी न्हवतं. घरी वैनीला इंचू सांगितला. आन् फोन..."

"फोन येतो," आप्पा म्हणाले.

"येतो?"

आप्पांनी टेबलावरचा कागद उचलला, पुन्हा ठेवला. करडा आवाज कुठं गेला होता कोण जाणे.

"लांब चाललोय म्हणाला होता. काही दिवस फोन लागणार नाही, काळजी करू नका. ते दिवस कधीच सरले. रोज लावतो. बंद. खात्यात विचारलं तर म्हणतात, जहाज कामावर आहे, सांगता येत नाही. हिला काय सांगू? हिचं काळीज असं. म्हणून रोज सांगतो, फोन आला होता." त्यांनी कागदाची घडी घातली. "काल काम बघायला गेलो. तोंडाकडच्या पट्ट्या बसल्या होत्या, त्यांवर बद्रीनाथनं परवाच नंबर रंगवला होता. सुग्रीवच्या जहाजाचा नंबर. जहाज पालथं, नंबर उलटा, खाली डोकं वर बूड. मला बघवेना. वाटलं, नुसतं उचलून सुलटं ठेवू, उद्या बद्रीनाथला काहीतरी सांगू. खाली चिकटवलंय हे मला काय ठाऊक? उचललं आणि कडाकड मोडलं. माझ्याच हातानं मोडलं."

सत्यभामाबाईंना त्यांची कीव आली, आणि कीव आली म्हणून रागही आला.

"मग धोंडीरामाचं नाव कावून घेतलं?"

"सगळे माझ्याकडं बघत होते. तोंडातून निघून गेलं."

"तुमचं भ्या खरं हाय, आप्पा. पर ते धोंडीरामाच्या गाईनं कावून फेडायचं? चोर सोडून संन्याशाला फाशी, आन् फाशी देणारा बी तुमीच."

आप्पांनी टेबलावरची टोपी डोक्यावर घातली. मग उठले. "चला. गुरं राहू दे म्हणून सांगतो त्याला."

५

छावणीत धोंडीरामानं दावी सोडली होती. दिवस कलला होता. ताराबाई भांडी पोत्यात भरत होती आणि गाभण गाय जागची हलायला तयार नव्हती. भोवती माणसं जमली होती, पण पुढं होऊन बोलायची कुणाची छाती नव्हती. उद्या आपल्या गुरांवर आलं तर, हा हिशेब प्रत्येकाच्या मनात होता.

"धोंडीराम," आप्पा म्हणाले, "बांध गुरं. झालं ते झालं. सोडून दे."

धोंडीरामानं दावं हातातच ठेवलं. "म्हंजी मीच केलं, पर तुमी माफ केलं. असंच ना?"

"बांध म्हणतो ना."

"न्हाई, आप्पा. मी केलं आसंल तर मी जातो. न्हाई केलं तर तसं बोला. चोर म्हणून ह्या रानातली वैरण मी माझ्या गाईला घालणार न्हाई. कुणी केलं, तेवढं सांगा."

आप्पांनी सत्यभामाबाईंकडं पाहिलं. त्यांनी नजर वळवली नाही, पण तोंडही उघडलं नाही. सांगायचं ते ज्याचं त्यानं सांगावं, असं त्यांनी ठरवलं होतं. आप्पा बोलायला वळले आणि तसेच थबकले. सोसायटीच्या ट्रॅक्टरवरून, दोन बायांचा आधार घेत, केशरबाई खाली उतरत होत्या. पाटलीणबाईचं तोंड पाहिल्यापासून त्यांना घरात बसवलं नव्हतं.

आप्पांना आता दोनच गोष्टी करता येत होत्या. गप्प बसले असते तर घरचं खोटं टिकलं असतं आणि धोंडीरामाच्या गाई गेल्या असत्या. बोलले असते तर गाई राहिल्या असत्या आणि ते खोटं केशरबाईंसमोर उघडं पडलं असतं. त्यांनी टोपी काढून हातात घेतली. सत्यभामाबाईंना वाटलं, हा माणूस आता माघारी फिरणार.

"मी केलं," आप्पा म्हणाले. "धोंडीरामाचा काही संबंध नाही. माझ्या पोराचा फोन येत नाही. ते जहाज मला पालथं बघवलं नाही."

केशरबाई हळूहळू त्यांच्यापाशी आल्या.

"रोजचा फोन?"

"खोटा."

"जेवतोय म्हणून सांगितलं ते?"

"तेही."

त्या रडतील असं सगळ्यांना वाटलं. त्या रडल्या नाहीत. धोंडीरामाला म्हणाल्या, "गाय बांध बाबा, तिला उभं राहवंना," आणि गोदामाकडं वळल्या. धोंडीरामानं दावं खुंटीला बांधलं आणि तोही मागोमाग गेला.

जहाज त्या पहिल्यांदाच बघत होत्या. नंबरावर बोट ठेवून त्यांनी तो वाचला, तडकलेल्या बरगड्यांवरून हात फिरवला. मग बद्रीनाथकडं वळल्या.

"असं सुलटं ठिवलं तर पुरं हुतंय का?"

बद्रीनाथ आप्पांकडं बघू लागला.

"त्यांच्याकडं बघू नको. मला सांग."

"न्हाई, वैनी. पालथं घालून पाय जोडल्याबिगर पुढं सरकत न्हाई."

"मग घाला पालथं. पोरगं आल्यावर अर्धं दावायचं का त्याला?"

त्यांनी एक टोक धरलं. दुसरं टोक आप्पांनी धरायचं होतं. ते नुसतेच उभे राहिले. हात पुढं होत होता आणि मागं येत होता. शेवटी धोंडीराम पुढं झाला, त्यानं मधून आधार दिला आणि आप्पांना जागा करून दिली. तेव्हा आप्पांनी डोळे मिटले आणि जहाज धरलं.

"डोळे उघडा," केशरबाई म्हणाल्या. "पडंल."